विडाल पॉझिटिव्ह, लसही घेतलेली. मग खरं काय धरायचं?

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मुलगा नववीत आहे. गणपती झाल्यावर त्याला ताप आला आणि तिसऱ्याच दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या लॅबमधून ‘फिव्हर पॅनल’ करून घेतलं. मलेरिया नाही, प्लेटलेट ठीक. टायफॉइडच्या विडाल चाचणीत ‘ओ’ १:८०, ‘एच’ १:१६०. डेंगीचं एनएस-१ (विषाणूचं प्रथिन) आणि आयजीएम (सुरुवातीची प्रतिपिंडं) निगेटिव्ह, पण आयजीजी (मागून येणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह. आमचे डॉक्टर म्हणाले, दोन दिवस थांबू. पाचव्या दिवशी ताप आपोआप उतरला, आता पोरगा ठणठणीत आहे.

पण घरातला वाद काही उतरत नाही. २०१८ साली महापालिकेच्या मोहिमेत त्याला टायफॉइडची लस दिली होती, कार्ड मी जपून ठेवलंय. मिस्टर म्हणतात, लस घेतली म्हणूनच विडाल पॉझिटिव्ह आली. सासूबाई म्हणतात, लस वाया गेली, टायफॉइड अंगात मुरलाय. शेजारच्या वहिनी दर महिन्याला विडाल करायला सांगतात. डेंगीचं आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे आता डेंगी पुन्हा होणार नाही ना? लॅबवाले ‘इम्युनिटी प्रोफाइल’चं पॅकेज घ्या म्हणतात, घेऊ का? शिवाय मुलाचा एक प्रश्न आहे. शाळेत त्यांना सांगितलं की प्रतिपिंड आणि जंतू म्हणजे किल्ली आणि कुलूप. तो विचारतो, जे कुलूप शरीराने कधी पाहिलंच नाही, त्याची किल्ली ते बनवतं कसं?

— एक आई, कोपरखैरणे

उत्तर

ताई, आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. लसीमुळे विडाल पॉझिटिव्ह आलेली नाही. लस वाया गेली, असंही या रिपोर्टवरून म्हणता येत नाही. दर महिन्याला विडाल करायची काही गरज नाही. डेंगीबद्दल मात्र तुम्ही जे धरून चालला आहात ते नेमकं उलटं आहे, तिथे गाफील राहू नका.

ही सगळी उत्तरं एकाच गोष्टीतून निघतात. प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, हे जंतूला चिकटायला शरीराने बनवलेलं प्रथिन. त्याला टायफॉइड कळत नाही आणि डेंगीही कळत नाही. त्याला कळतो तो जंतूच्या अंगावरचा एक इवलासा तुकडा, म्हणजे एखाद्या प्रथिनाचा किंवा साखरेच्या साखळीचा मोजक्या घटकांचा भाग. तो तुकडा कोणाच्या अंगावर आहे, त्या जंतूचं नाव-गाव काय, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. म्हणून रिपोर्टवर ‘अँटिबॉडी पॉझिटिव्ह’ दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुठल्या तुकड्याविरुद्धची?

तुमच्या विडालला हाच प्रश्न विचारू. टायफॉइडच्या जीवाणूच्या अंगावर आपल्या कामाच्या तीन गोष्टी असतात. बाहेरच्या भिंतीवर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांना ‘ओ’ म्हणतात. पोहायच्या बारीक शेपट्यांवर एक प्रथिन असतं, ते ‘एच’. आणि या सगळ्यावर साखरेचंच एक आवरण पांघरलेलं असतं, त्याचं नाव ‘व्हीआय’. विडाल फक्त पहिल्या दोहोंविरुद्धची प्रतिपिंडं मोजते. तुमच्या मुलाला टोचलेल्या लसीत या तिघांपैकी फक्त तिसरं होतं. लसीने तयार झालेली प्रतिपिंडं व्हीआयला चिकटतात, ओ आणि एचकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यामुळे लसीने विडाल पॉझिटिव्ह यायचा रस्ताच नाही, आणि लस लागू पडली की नाही हेही विडालला सांगता येत नाही. मिस्टर आणि सासूबाई दोघांचंही म्हणणं इथेच निकालात निघतं. ते त्यांना कसं सांगायचं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

मग ते १:८० आणि १:१६० आलं कुठून? माझी सगळी नोकरी वाशीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, त्यामुळे ही चाचणी डोळ्यांसमोर उभी राहते. काचपट्टीवर गोल आखलेले असतात. प्रत्येक गोलात रुग्णाच्या सीरमचा (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्याचा) एक थेंब टाकायचा आणि त्यात मेलेल्या जीवाणूंच्या रंगवलेल्या द्रावणाचा एक थेंब. ओचं द्रावण निळं, एचचं लाल. काडीने ढवळायचं आणि पट्टी मिनिटभर हळूहळू हलवत राहायचं. प्रतिपिंड नसेल तर थेंब तसाच एकसारखा गढूळ राहतो. असेल तर बघता बघता त्यात रवाळ दाणे धरायला लागतात आणि भोवतीचं पाणी नितळ होतं. एक दाणा म्हणजे एकमेकांना बांधले गेलेले असंख्य जीवाणू. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी ‘वाय’सारखा, दोन हात आणि दोन्हींची टोकं अगदी एकसारखी. एका हाताने एक जीवाणू धरला, दुसऱ्याने शेजारचा धरला की साखळी लागत जाते. आयजीएम जातीत असे पाच ‘वाय’ जोडलेले असतात, म्हणजे दहा टोकं. ते तर एकदम गठ्ठाच करतं. सीरम ८० पट पातळ केल्यावरही दाणे धरले, तर रिपोर्टवर १:८० येतं. (काचपट्टीवर दिसलेला आकडा नळीत करून पक्का करायचा असतो. घाईत तो पक्का न करताच रिपोर्ट जातो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.)

हे दाणे खरेच असतात, पण ते बांधणारी प्रतिपिंडं टायफॉइडनेच तयार झालेली असतील असं नाही. ओच्या साखळीतले काही भाग टायफॉइडच्या चुलत भावंडांच्या, म्हणजे त्याच साल्मोनेला कुळातल्या इतर जीवाणूंच्या अंगावरही असतात. वर्षभरापूर्वी बाहेरचं काही खाऊन पोट बिघडलं असेल, तर त्या वेळची प्रतिपिंडंही या थेंबात दाणे पाडू शकतात. आपल्याकडे तर धडधाकट माणसाच्या रक्तातही एवढा टायटर (म्हणजे १:८० सारखा आकडा) सापडतो. त्यात तुमच्या मुलाचा तापाचा तिसराच दिवस होता. खऱ्या टायफॉइडमध्ये प्रतिपिंडं वर यायला साधारण आठवडा जातो. म्हणजे तिसऱ्या दिवशी जे दिसलं ते बहुधा जुनंच होतं.

विडाल १८९६ सालची आहे. त्या काळी ती मोठीच सोय होती, पण आज एकट्या विडालवर कोणी चौदा दिवसांचं अँटिबायोटिक चालू केलं की माझं डोकं फिरतं. तुमचे डॉक्टर थांबले, हे उत्तम केलं. त्यांना सोडू नका. ‘टायफॉइड अंगात मुरला’ ही समजूतही याच चाचणीची कृपा. ताप गेल्यावरही प्रतिपिंडं कित्येक महिने रक्तात फिरत असतात. दर महिन्याला रक्त दिलंत तर दर महिन्याला ती दिसतील, आणि तुम्ही दर महिन्याला घाबराल. टायफॉइडची खरोखर शंका असेल तर ब्लड कल्चर करायचं, तेही पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जायच्या आधी. त्यात प्रत्यक्ष जीवाणूच वाढवून बघतात. रिपोर्टला दोन-तीन दिवस किंवा थोडे जास्तही लागतात, एवढाच काय तो त्रास.

तुमच्या जवळच्या त्या कार्डाबद्दल मात्र मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण आपल्या शहराने केलेली ही कामगिरी आपल्याच लोकांना ठाऊक नाही. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांसाठी टायफॉइडच्या काँज्युगेट लसीची मोहीम घेतली. पहिल्या टप्प्यात एक लाखाहून जास्त मुलांना लस मिळाली. सरकारी यंत्रणेमार्फत ही लस अशी सरसकट देणारं नवी मुंबई हे जगातलं पहिलं शहर. हे कुठे फलकावर लावलेलं मी तरी पाहिलं नाही.

काँज्युगेट म्हणजे जोडलेली. कशाला काय जोडलं, यातच सगळी गंमत आहे. टायफॉइडची जुनी टोचायची लस म्हणजे नुसतं व्हीआय आवरण, नुसती साखर. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना साखर ओळखता येते. पण त्या पेशीने चांगलं, टिकाऊ काम करायचं तर तिला टी पेशींचा, म्हणजे संरक्षण यंत्रणेतल्याच दुसऱ्या पेशींचा होकार लागतो, आणि या टी पेशी प्रथिनांचे तुकडेच ओळखतात. साखर दाखवून त्या हलत नाहीत. म्हणून जुन्या लसीचा असर दोन-तीन वर्षांत ओसरायचा आणि दोन वर्षांखालच्या बाळांत तर ती जवळजवळ निरुपयोगी होती. नव्या लसीत ती साखर धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला जोडली आहे. बी पेशी साखर ओळखते आणि गिळते, तेव्हा जोडलेलं प्रथिनही तिच्या पोटात जातं. त्याचे तुकडे ती आपल्या अंगावर मांडते. धनुर्वाताचं प्रथिन ओळखणारी टी पेशी ते बघते आणि होकार देते. होकार मिळाला धनुर्वाताच्या नावाने, प्रतिपिंड तयार झालं टायफॉइडच्या साखरेविरुद्ध! शरीराला असं सरळ सरळ गंडवणारी याहून सुरेख युक्ती मला तरी माहीत नाही.

नेपाळमध्ये ललितपूरला सुमारे २० हजार मुलांवर याच लसीची चाचणी झाली. त्याचे आकडे २०१९ मध्ये आले, तेव्हा लस घेतलेल्या मुलांत टायफॉइड सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसला. कमी झाला, शून्य नाही. दुसरी मेख अशी की पॅराटायफॉइड ‘ए’च्या जीवाणूवर व्हीआय आवरण नसतंच. लक्षणं तीच, ताप तसाच, पण लसीने तयार झालेल्या प्रतिपिंडाला धरायला तिथे काही नाही. म्हणून लस घेतली तरी उघड्यावरचा बर्फगोळा आणि पाणीपुरी यांच्याबाबत हात आखडताच ठेवावा. लस घेऊन इतकी वर्षं झाली आहेत, तेव्हा पुन्हा डोस द्यायचा का, हे कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांनाच विचारा.

आता चिरंजीवांचा प्रश्न. तुमच्या पत्रातला सगळ्यात भारी प्रश्न हाच आहे आणि त्यावर भल्याभल्यांची फसगत झालेली आहे. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९४० मध्ये मांडलं होतं की जंतूचा तुकडा साच्याचं काम करतो आणि प्रतिपिंड त्यावर दुमडून त्याचा आकार घेतं. म्हणजे कुलूप बघून किल्ली घडवायची. ऐकायला पटतं, पण तसं होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये उलट सांगितलं आणि ते खरं निघालं: किल्ल्या आधीच तयार असतात.

आपल्या अस्थिमज्जेत रोज नव्या बी पेशी जन्मतात. प्रत्येक पेशी आपल्यापुरती एकच किल्ली बनवते आणि तिच्या हजारो प्रती अंगावर मिरवत फिरते. ही किल्ली कुठल्या कुलपाला लागेल, हे कोणी ठरवलेलं नसतं. माणसाकडे प्रथिनं बनवणारी जनुकं सगळी मिळून २० हजारांच्या आसपास, आणि किल्ल्या तर अब्जावधी प्रकारच्या. हे जमतं कसं, ते जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवलं, त्याबद्दल त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. बी पेशी स्वतःचा डीएनए कापून जोडते. प्रतिपिंड दोन प्रकारच्या प्रथिनसाखळ्यांचं बनतं, जड आणि हलकी. जड साखळीसाठी डीएनएच्या तीन गटांतून एकेक तुकडा उचलायचा. पहिल्या गटात चाळीसेक तुकडे, दुसऱ्यात वीसेक, तिसऱ्यात सहा. हलक्या साखळीसाठी असंच पुन्हा, पण दोनच गटांतून. वर सांध्यांवर काही अक्षरं वाटेल तशी घालायची, काही उडवायची. आपल्याच शरीराला चिकटणाऱ्या किल्ल्या बऱ्याचशा तिथेच मोडीत काढल्या जातात. उरलेल्यांपैकी बहुतेकींना आयुष्यभर कुलूप भेटत नाही. त्या पेशी आल्या तशा मरून जातात. मुलाला सांगा, शरीराला नवा जंतू आधी माहीत नसतो. त्याने वाटेल त्या आकाराच्या इतक्या किल्ल्या करून ठेवलेल्या असतात की कुठली तरी थोडीफार लागतेच.

थोडीफारच लागते बरं का. प्रतिपिंडाचं टोक आणि तो तुकडा यांच्यात कुठलाही एक पक्का बंध नसतो. इथे खाच तर तिथे उंचवटा, इथे धन भार तर समोर ऋण भार, अशा बारीक बारीक ओढींची बेरीज असते. बेरीज कमी असली की किल्ली लागते पण लगेच सुटते. पुढचं काम लसिका गाठींत होतं. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना, ते दुखरं अवधाण म्हणजे हाच कारखाना जोरात चाललेला असतो. ज्या बी पेशीची किल्ली थोडीफार लागली, तिची पिल्लं तिथे भराभर वाढतात आणि वाढताना किल्लीच्या जनुकात मुद्दाम चुका केल्या जातात. बहुतेक चुकांनी किल्ली बिघडते, ती पेशी मरते. एखाद्या चुकीने ती जास्त घट्ट बसते, ती पेशी पुढे जाते. या घासण्या-तासण्याला एक-दोन आठवडे लागतात. तोवर घाईघाईत बनवलेलं आयजीएम किल्ला लढवतं, मागून घट्ट पकडीचं आयजीजी येतं. काही पेशी स्मृती म्हणून मागे राहतात.

याच स्मृतीमुळे तुम्ही म्हणता तसं ‘एकदा झालं की पुन्हा नाही’ होतं, पण ते जंतूवर अवलंबून आहे. उत्तर अटलांटिक महासागरातल्या फॅरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली, मग थेट १८४६ मध्ये. दुसऱ्या साथीत बेटांवरचे बहुतेक लोक आजारी पडले, पण ६५ वर्षांपूर्वी गोवर काढलेले म्हातारे सुटले. पानुम नावाच्या डॅनिश डॉक्टरने हे नोंदवून ठेवलंय. गोवराच्या विषाणूचा महत्त्वाचा पृष्ठभाग फारसा बदलत नाही, म्हणून जुनी किल्ली चालते.

डेंगीचे विषाणू चार प्रकारचे. एकमेकांसारखे, पण एकसारखे नाहीत. एका प्रकाराचा डेंगी झाला की त्या प्रकारापासून बहुधा कायमचं संरक्षण मिळतं, उरलेल्या तिघांपासून जेमतेम काही महिने. त्यानंतर गडबड सुरू होते. जुनी प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात खरी, पण त्याला निकामी करण्याइतकी पकड नसते. प्रतिपिंडाच्या शेपटीला, म्हणजे ‘वाय’च्या दांड्याला, पकडून गिळणाऱ्या काही पांढऱ्या पेशी असतात. त्या हे प्रतिपिंड गिळतात, त्यासोबत जिवंत विषाणूही आत जातो आणि नेमक्या त्याच पेशींत तो वाढतो. आपलंच प्रतिपिंड त्याला दार उघडून देतं. दुसऱ्या वेळचा डेंगी काही जणांत गंभीर होतो, त्यामागचं हे एक मोठं कारण. बहुतेकांचा दुसरा डेंगीही नीट बरा होतो, तेव्हा घाबरू नका. पण आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे ‘आता भीती नाही’ असं समजू नका; तुमच्या मुलाच्या बाबतीत जरा जास्तच जपायचं, असा त्याचा अर्थ.

त्याला डेंगी कधी होऊन गेला, असं तुम्ही विचाराल. डेंगीची बहुतेक लागण ताप न येता किंवा किरकोळ तापावर निघून जाते, घरच्यांना पत्ताही लागत नाही. या वेळचा ताप डेंगीचा होता का? ताप पाचव्या दिवशी गेला आणि प्लेटलेट घसरल्या नव्हत्या, म्हणून बहुधा नसावा. शंभर टक्के मात्र मी लिहून देणार नाही. दुसऱ्या वेळच्या डेंगीत एनएस-१ कधी कधी हुकतं आणि आयजीजी पहिल्यापासूनच चढं असतं. सहाव्या-सातव्या दिवशी आयजीएम पुन्हा केलं असतं तर उलगडा झाला असता. आता त्याच्यामागे लागू नका.

पुढे कधी ताप आला तर डॉक्टरांना सांगा की याचं डेंगी आयजीजी आधीचं पॉझिटिव्ह आहे. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाच्या मापाने. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन घरच्या घरी अजिबात नाही. एनएस-१ पहिल्या चार-पाच दिवसांत, आयजीएम पाचव्या दिवसानंतर. आणि ताप उतरला की निर्धास्त होऊ नका, डेंगीत पुढचे एक-दोन दिवसच नाजूक असतात. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मूल गळून पडणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.

राहता राहिलं ते ‘इम्युनिटी प्रोफाइल’. अशा पॅकेजमध्ये बहुधा रक्तातलं एकूण आयजीजी, आयजीएम असलंच काही मोजून देतात. एकूण माल किती, एवढंच त्यातून कळतं. कुठल्या तुकड्याविरुद्ध किती, हे त्यात नसतं. ज्या मुलांना सारखे न्यूमोनिया होतात, कान वाहतात, त्यांच्यासाठी या चाचण्या कामाच्या असतात आणि त्या डॉक्टर स्वतःहून लिहून देतात. तुमचा मुलगा वर्षातून एकदा तापाने आडवा होतो आणि पाचव्या दिवशी उठून क्रिकेट खेळायला जातो, त्याच्यात काय शोधायचं? डेंगीचा डास दिवसा चावतो आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये अंडी घालतो. ताटल्या आणि ट्रे आठवड्याला घासून कोरडे करा, आणि पॅकेजच्या पैशांत मुलगा जिथे अभ्यासाला बसतो त्या खिडकीला जाळी बसवून घ्या.